एकही कौल फुटलं नाही

वादळात माझ्या घराचं एकही कौल फुटलं नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण सुप्यात कुणालाही माझ्याबद्दल विचारलंत तर तो हेच पहिल्यांदा सांगेल आणि सांगून झाल्यावर तोंड फिरवून हसेल. कौलं सगळीच्या सगळी शाबूत राहिली. तरीही गेल्या कार्तिकापासून मी बाजाराला मागच्या वाटेनं जातो.

मी इथल्या मराठी शाळेचा मास्तर. दिल्लीला बादशहाचा दरबार भरला त्याच्या पुढच्याच साली मी घरावर मंगळुरी कौलं चढवली. ती जहाजानं कारवारला, तिथून होडीनं काळी नदीतून आणि मग बैलगाड्यांतून घाट चढून आली. त्या वेळी सुप्यात कौलं दोनच इमारतींवर होती, एक कचेरी आणि दुसरं माझं घर. बाकी सगळा गाव गवताखाली. मी काही गर्विष्ठ माणूस नाही, पण शाळेत 'माणसाची प्रगती' हा धडा घेताना माझा हात आपोआप खिडकीबाहेर जायचा. आधी गुहा, मग गवताची झोपडी आणि शेवटी कौलारू घर. मुलं एकदा झोपडीकडं बघत, एकदा माझ्या घराकडं.

माझी लेक चंद्रा बेळगावला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ठरलेलंच. पण विहीणबाईंचं मन घेईना. "सुपं म्हणजे नुसतं रान हो. तिथं म्हणे घरात पाऊस नि पावसात घर," असं त्या चारचौघांत म्हणाल्या. मी पान चघळत होतो. ते गालात सरकवून मी म्हणालो, "विहीणबाई, मंगळुरी कौलं आहेत. तुमच्या सुनेवर एक थेंब गळणार नाही. गळला तर नाव बदलीन." नाव बदलायची भाषा माणसानं पान खाताना करू नये, एवढं मला आता कळलं आहे.

दिवाळी झाली. चंद्रा आली होती, तिचे दिवस भरत आले होते. माजघरात तिचं अंथरूण घातलं होतं आणि आमचं कुटुंब, म्हणजे रुक्मिणी, डिंक, खोबरं आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांत गढून गेलं होतं. अशात मिठाचा व्यापारी नागूशेट कारवारहून गाड्या घेऊन घाट चढून आला आणि माझ्या ओसरीवर टेकला.

"मास्तर, काय खरं न्हाई बगा," तो म्हणाला. "बंदरावर खांबाला काळा ढोल टांगलाय. होड्या पार माडांत ओढून बांधल्यात. मोठं तुफान येनार म्हंत्यात दर्यावरनं."

वादळ म्हणजे काय, हे नागूशेटला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं, कारण तो धडा मी दर वर्षी शिकवतो. परातीत पाणी घेऊन ते हातानं गोल फिरवून दाखवतो. प्रत्यक्ष वादळ मी कधी पाहिलं नव्हतं, पण मी हिमालय तरी कुठं पाहिला आहे? मी नकाशा काढला आणि ओसरीवर जमलेल्या मंडळींना समजावून सांगितलं. काळी नदीचं खोरं म्हणजे चुलीची फुंकणी. कारवारच्या टोकाला वादळ तोंड लावणार, जोरात फुंकर मारणार आणि दुसऱ्या टोकाला निखारा म्हणून आपण. सगळ्यांचे चेहरे उतरले. एवढी मन लावून ऐकणारी मुलं मला शाळेत कधी मिळाली नव्हती, त्यामुळे मी जरा वाहवत गेलो, हे कबूल.

लगेच तयारीला लागलो. पहिली काळजी उजेडाची. वारं सुटलं की समया, चिमण्या काही टिकत नाहीत. तेव्हा घासलेटचा डबा भरून घेतला, दोन्ही हरिकेन कंदील पुसून, वाती कापून सज्ज केले, काड्यापेट्या मेणकापडात गुंडाळल्या. दुसरी काळजी छपराची. आढ्यावरून बांबू आडवे टाकून ते दोरांनी खाली खुंट्यांना बांधायचे, म्हणजे वाऱ्याच्या बापाला कौल उचलणार नाही, अशी माझी योजना होती. योजना उत्तम होती. अडलं ते बांबूवर.

परसामागंच बांबूचं बेट आहे. मी कोयता घेऊन तिथं पोचतो न पोचतो तोच फारेस्टचा रखवालदार म्हादू उभा.

"मास्तर, हात लावू नगासा. बांबू सरकारचा हाय. परवाना पायजे."

"अरे म्हादू, वादळ येतंय!"

"येऊ दे की. त्येला परवाना लागत न्हाई."

"परवाना देतं कोण?"

"रेंजरसायेब. त्ये कुळगीला मुक्कामाला हायत. मोठा सायेब शिकारीला आलाय न्हवं? वाघ मिळाला की माघारी येतील."

म्हणजे माझं छप्पर एका वाघाच्या मर्जीवर आलं. शेवटी कचेरीतले कारकून शंकरराव यांच्याकडं गेलो. ते माझे शेजारी, जन्म कागदात गेलेला. मी अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'संभाव्य वादळ' असं घातलं. शंकररावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मास्तर, संभाव्य हे कारण होत नाही. आधी नुकसान झालं पाहिजे. नुकसान झालं की पंचनामा, पंचनामा झाला की शिफारस आणि शिफारस झाली की बांबू."

"पण नुकसान होऊ नये म्हणूनच बांबू हवाय ना!"

"तसं असेल तर तुमची निकड सिद्ध होत नाही," ते शांतपणे म्हणाले आणि अर्ज मात्र ठेवून घेतला. (परवाना आला. पुढं पौष महिन्यात आला. त्यावर 'वादळ ओसरल्यास बांबू परत करावा' अशी अट होती.)

घरी येऊन मी डोक्याला हात लावून बसलो. नागूशेट बैलांना चारा घालत होता. तो म्हणाला, "मास्तर, एवढा घोर कशाला लावून घेतासा? कौलंच उतरवून ठेवा की. वाऱ्याच्या हाताला काय लागलं न्हाई तर तो काय नेनार?"

आता सांगताना माझे मलाच कान गरम होतात, पण त्या क्षणी मला वाटलं, हा मिठाचा व्यापारी नसून दिवाण व्हायचा माणूस आहे. वारा दिवसभर वाहणार, मग थांबणार. मग पाऊस. मधल्या वेळात कौलं परत चढवायची. पुस्तकात क्रम असाच होता, आधी वारा, मग पाऊस. आणि समजा थोडा शिंतोडा आलाच, तर माजघरावर मातीनं लिंपलेला माळा होताच.

रुक्मिणीला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं दुपटं खाली पडलं.

"अवो, पोरीचे दिवस भरत आलेत आणि तुम्ही छप्पर काढतासा?"

"तिच्यासाठीच काढतोय. कौल डोक्यात पडलं तर?"

"आणि पाऊस पडला तर?"

"आधी वारा, मग पाऊस. पुस्तकात आहे."

"पुस्तकाला छप्पर हाय काय?" ती म्हणाली. बायकांना शास्त्र समजावणं किती कठीण असतं, असं तेव्हा मनात आलं होतं. ते मनातच राहिलं, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा.

कौलं उतरवायची तर माणसं हवीत. माझ्या घरासमोर, ओहोळापलीकडं, लाडू गावकराचं घर आणि त्याच्या भावकीची वाडी. भाताची कापणी चाललेली, माणसं कुठून मिळणार, या विवंचनेत मी होतो. सकाळी दार उघडलं तर अख्खी वाडी दारात. कमरेला आकडीत कोयते अडकवलेले, डोकीला मुंडाशी. लाडू, त्याची बायको फुला, भावकीतला झिलू, सगळे.

"मास्तर, सावडीला आलो हाव," लाडू म्हणाला.

सावड म्हणजे हाताला हात. आज मी तुझ्याकडं राबेन, उद्या तू माझ्याकडं. त्यात पैसा चालत नाही; हाताचं देणं हातानंच फेडायचं. मला आनंद झाला, पण ओहोळापलीकडं नजर गेली. कापलेलं भात शेतात आडवं पसरलं होतं. ते उचलून खळ्यावर न्यायचा तो दिवस होता.

"अरे लाडू, तुमचं भात?"

"भात कुटं पळतंय? लेक बाळंतपणाला आलीया तुमची. तिच्या डोसक्यात कौल पडाय नगो."

इथं मी म्हणायला हवं होतं, बाबांनो, आधी भात उचला. मी काय म्हणालो? मी बोट वर करून म्हणालो, "भाताची चिंता करू नका. आधी वारा येणार. वारा सुटला की पळा आणि भात उचला. पाऊस त्याच्यानंतर." आणि त्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी सांगितलं म्हणजे ते तसंच.

काम बघण्यासारखं झालं. झिलू आढ्यावर, खाली माणसांची रांग, बायकासुद्धा. कौल या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या हातात, अंड्यासारखं जपत. ठेवायची कुठं? माझ्या गोठ्यावर गवताचं जाड छप्पर आहे. गाय फणसाखाली बांधली आणि गोठ्यात कौलं रचली, जमिनीपासून वाशापर्यंत, अशी की मधे मांजर शिरू नये. कंदील आणि घासलेटचा डबा सुरक्षित असावा म्हणून मी ते आधीच गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवले होते. कौलं त्यांच्यापुढं रचली गेली. हे माझ्या लक्षात आलं होतं का? आलं होतं. उलट बरं वाटलं, आता वारा कंदिलांपर्यंत पोचूच शकत नाही.

दुपार कलली. घर बोडकं झालं. वाशांमधून आभाळ दिसत होतं आणि ते काळंठिक्कर पडलं होतं. बघायला निम्मं सुपं जमलं. शंकररावसुद्धा कचेरीतून लवकर सुटून आले. मी काठीला रुमाल बांधून अंगणात उभा राहिलो, वाऱ्याची दिशा सांगायला.

रुमाल लोंबत राहिला. समोरच्या पिंपळाचं एक पान हलेना. पिंपळाची पानं वारा नसतानाही सळसळतात, पण त्या दिवशी तीही गप्प. मी काठी उंच धरली. खांद्याला कळ लागली म्हणून हात बदलला. कुणीतरी मागं खोकलं.

मग माझ्या चष्म्यावर एक थेंब पडला.

वादळ कारवारवर आदळलं होतं, यात शंका नाही. वारा मात्र घाटाखालीच कुठंतरी दमून बसला असावा. आमच्याकडं आला तो फक्त पाऊस. तिरपा नाही, सपकाऱ्याचा नाही. सरळ, जाडजूड, घागरीनं ओतल्यासारखा. लोक पळाले. लाडूची माणसं शेताकडं धावली, पण ओहोळ ओलांडेपर्यंत भाताच्या खाचरांत पाणी उभं राहिलं होतं.

माळ्यानं थोडा वेळ शब्द पाळला. मग मातीचा पिवळा थेंब चंद्राच्या उशीवर पडला. मग तिच्या पायांवर. मी परात धरली. ती भरली. मी छत्री धरली. छत्रीवर मातीचं एक ढेकूळ बसलं आणि छत्री उलटी झाली. वादळात उलटी व्हायची म्हणतात ती छत्री माझ्या माजघरात, वारा नसताना उलटी झाली. त्यातच चंद्रानं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आप्पा, पोटात कळ आलीया."

"गोठ्यात न्या तिला," रुक्मिणी ओरडली. "तिथं कोरडं हाय!"

मग तिलाच आठवलं. माझ्या मालकीची एकच कोरडी जागा होती आणि तिथं कौलं आरामात बसली होती. चूल विझली होती. कंदील कौलांच्या मागं होते. घर अंधारत चाललं होतं आणि माझी लेक चिखलाच्या थेंबांखाली कण्हत होती. देवाशपथ सांगतो, त्या वेळी मला विहीणबाई आठवल्या नाहीत की नाव आठवलं नाही. पोरीला काही झालं तर, एवढंच मनात होतं, आणि ते मी केलेलं असेल.

दारातून डोक्यावर इरलं घेतलेली फुला आत आली. तिनं वर बघितलं, चंद्राकडं बघितलं, माझ्याकडं बघायचं मात्र टाळलं.

"मास्तर, वाईच बाजूला व्हा. कांबळं दे गे अक्का. हिला आमच्यात न्हेऊया."

लाडू आणि झिलूनं कांबळ्याची झोळी केली, वर दोन इरली धरली आणि ओहोळाच्या गुडघाभर पाण्यातून माझ्या लेकीला पलीकडं नेलं. मी मागून उलटी छत्री घेऊन चालत होतो. ती का घेतली होती, ते अजून कळलेलं नाही.

लाडूचं घर कोरडं होतं. धुरानं काळवंडलेलं गवत, खाली शेणानं सारवलेली जमीन, चुलीत मोठी लाकडं पेटलेली. फुलानं करंजेलाची पणती लावली. बायका आत गेल्या आणि आम्ही पुरुष ओसरीवर बसलो. समोर शेत. कापलेलं भात पाण्यात तरंगत होतं, पेंढ्या बांधाला येऊन अडकत होत्या. लाडू ते बघत होता. मी ते बघत होतो. वर्षभराचं भात होतं ते त्यांचं. तो मला काहीतरी बोलेल, बोलला तर बरं, असं मला वाटत होतं.

शेवटी तो म्हणाला, "वारं आलं न्हाई त्ये बरं झालं मास्तर. तुमची कौलं वाचली."

टोमणा असता तर मी सहन केला असता. पण तो मनापासून बोलला. मला इतकी लाज वाटली की समोरच्या ओहोळात शिरावं असं झालं. मी म्हणालो, "लाडू, मी चुकलो रे. वारा आधी येणार असं मीच सांगितलं."

"तुमी काय करनार? वाऱ्याचं त्ये. त्यो काय शाळंत जातोय?"

दिवेलागणीला आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगा झाला. फुला बाहेर येऊन म्हणाली, "बाय सुखरूप हाय," आणि मी खांबाला धरून उभा राहिलो. गवताच्या झोपडीत. प्रगतीच्या दुसऱ्या पायरीवर.

सहाव्या दिवशी पाऊस उघडला आणि सकाळीच वाडी पुन्हा माझ्या अंगणात हजर. कौलं चढवायला. लेकरू आणि बाळंतीण आपल्या घरात जायला हवी, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यात पहिल्यांदाच मी सुप्यातल्या माणसांवर ओरडलो.

"कौलाला हात लावाल तर खबरदार! आधी भात. आणि आज मी तुमच्याकडं येणार. सावड फेडायची आहे."

ते हसले. मग मी धोतराचा काचा मारला तेव्हा हसायचे थांबले. शंकरराव वाटेत भेटले. मास्तरानं चिखलात उतरणं हे हुद्द्याला शोभत नाही, असं म्हणाले. मी त्यांना म्हणालो, पंचनामा करा.

भिजलेल्या भाताच्या पेंढ्या काढायच्या, पाणी निथळायचं, भारे बांधून घरी आणायचे आणि चुलीवरच्या माचावर, माळ्यावर, जिथं ऊब मिळेल तिथं पसरायचे. निम्म्याला कोंब फुटले होते. वाचलं तेवढं वाचवायचं. मला एक भारा उचलायला झिलू लागायचा, म्हणजे माझ्या सावडीत त्यांचंच नुकसान. दोनदा बांधावरून घसरलो. मुलं शाळा बुडवून बघायला आली होती. त्यांना मी हाकललं नाही. भूगोलाचा तास होता तो.

अशातच दुपारी घुंगरांचा आवाज आला आणि छताची बैलगाडी ओहोळाशी थांबली. गाडीतून विहीणबाई उतरल्या. बाळ झाल्याचा निरोप नागूशेटनं बेळगावला पोचवला होता. बाकीचं काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगायला त्याची जीभ रेटली नसावी.

माझ्या डोक्यावर भारा होता, पेंढ्या नाकापर्यंत लोंबत होत्या. अंगावर काचा मारलेलं धोतर आणि चिखल. विहीणबाईंनी मलाच हाक मारली.

"अरे ए बाबा, मास्तरांचं घर कुठलं रे?"

पळून जायला जागा नव्हती. मी आवाज जाड केला. "त्ये काय. छप्पर न्हाई त्ये."

"अगं बाई! आणि छप्पर कुठं गेलं?"

"गोठ्यात हाय."

त्या बोडक्या वाशांकडं बघत राहिल्या. मी तसाच हळूच सटकणार, एवढ्यात मागून लाडूनं काळजीनं हाक दिली, "मास्तर! भारा कललाय, सांबाळा!"

भारा पडला. तो पडला आणि मी उघडा झालो. विहीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, व्याह्यापुढं करतात तसा. त्यानं मी अर्धा झालो. मी हात जोडले, हातांतून चिखल गळत होता, आणि नुसतं लाडूच्या घराकडं बोट दाखवलं.

त्या वाकून आत गेल्या. मी दाराशी उभा राहिलो. चंद्रा चुलीजवळ उबेला पडली होती, फुला बाळाला शेक देत होती. विहीणबाई फुलाशेजारी खाली बसल्या, नातू मांडीवर घेतला. बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग मान वर करून धुरकटलेलं गवत, कोपऱ्यात वाळत घातलेलं कोंब फुटलेलं भात, सगळं नीट बघितलं. सुनेनं तोपर्यंत त्यांना काय सांगितलं, काय नाही, मला माहीत नाही.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात तसंच आहे हो. एक थेंब गळला नाही."

फुला पदर तोंडाशी धरून हसली. चंद्रा हसली. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मी खाली पडलेला भारा परत बांधला. लाडूचं शेत आटोपत आलं होतं. उद्या झिलूच्या घरची पाळी होती.